बेंबीच्या पुढे

“माझा पहिला क्रमांक ड,” अध्यक्ष रॅनल्ड फार्कर माइकमध्ये म्हणाले, आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या चाळीस सभासदांनी आपापल्या कार्डात डोकं घातलं. कॉरीमूर जातीच्या गुरांच्या या संस्थेत अध्यक्ष जनावरं ज्या क्रमाने लावतील तोच क्रम बरोबर. बाकीच्यांनी आपले किती मार्क गेले तेवढं मोजायचं. दरवर्षी कोणा एका सभासदाच्या शेतावर जमून ही मोठी माणसं हा खेळ खेळतात, आणि पुढच्या बातमीपत्रात त्याचे फोटो छापतात.

यंदाचं शेत एफी क्रुकशँकचं. अ, ब, क, ड असे तिचे चार काळे वळू पोटाला लागेल इतक्या पेंढ्यात उभे होते. तो पेंढा एफीने पहाटे उठून स्वतःच्या हाताने पसरला होता. इतका पेंढा कशाला, असं एकालाही वाटलं नाही. बाईंनी पाहुण्यांसाठी हात सैल सोडलाय, म्हणून सगळे खूश होते.

“ड का, ते ऐका,” अध्यक्षांनी गळा साफ केला. त्यांच्या टायवर सोनेरी दोऱ्याने बैलाचं डोकं भरलेलं होतं आणि बोलताना ते पोटावर हलायचं. “पाठ बघा. चहाचा कप ठेवा वर, हलायचा नाही. मागची मांडी बघा, कशी भरलीय! मी तीस वर्षं सांगतोय, कॉरीमूर म्हणजे काय ते कागदात शोधू नका. डोळ्यांनी बघा. कॉरीमूर म्हणजे हा!”

टाळ्या पडल्या. या मंडळींना टाळ्या फार लवकर सुचतात.

एफीने टाळ्या संपू दिल्या. मग मेणकापडी कोटाच्या खिशातून तिने एक पाकीट काढलं.

“साहेब, हेच जरा पुन्हा सांगता का? चिटणीसांना लिहून घेऊ दे.”

“कशाला हो?”

“जानेवारीत तुम्ही शुद्ध कॉरीमूर म्हणून याचीच नोंदणी नाकारलीत. हे तुमचं पत्र. ‘पोटाखाली पांढरा डाग, बेंबीच्या पुढे.’”

संस्थेच्या नियमात पांढरा डाग बेंबीच्या मागे असला तर चालतो. पुढे असला तर जनावर बाद, मग तो तळहाताएवढा असो की बोटभर. त्या डागाने मांसात, दुधात किंवा वासरात काय फरक पडतो, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. विचारलेलंही नाही.

“नियम नऊ,” एफी म्हणाली. “अध्यक्षांनी स्वतः जनावर पाहून उत्तम ठरवलं तर सूट देता येते. जानेवारीत तुम्ही फोटो बघितलात. आज जनावर बघितलंत, आणि काय वाटलं ते चाळीस जणांनी ऐकलं. सही करा. नाहीतर सोमवारी सकाळी कत्तलखान्याची गाडी येतेय. नोंद नसलेला वळू माझ्याकडून कोण घेणार?”

चिटणीस लेस्ली प्रॉक्टर यांनी पेनाचं टोपण काढलं, अध्यक्षांकडे पाहिलं आणि परत लावलं. सही आता होईल असं एफीला खरंच वाटलं होतं. तिने पत्र त्यांच्यापुढे धरलं.

“बाई, तुम्ही मला फसवलंत,” अध्यक्ष म्हणाले.

“मी पेंढा टाकला, साहेब. डोळे तुमचेच होते.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. अध्यक्षांचे कान लाल झाले. खाली वाकून तो डाग एकदा बघावा, एवढंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी माइक पुन्हा तोंडाशी नेला.

“मंडळी, स्पर्धेसाठी बघणं वेगळं आणि नियम नऊसाठी बघणं वेगळं. त्याला रीतसर अर्ज लागतो. अर्ज द्या, सप्टेंबरच्या बैठकीत घेऊ. आणि मुळात नोंद नसलेलं जनावर स्पर्धेत बसतच नाही. तेव्हा ड बाद. पहिला क.”

क चा बाप अध्यक्षांच्याच गोठ्यातला होता.

चाळीस जणांनी मुकाट्याने कार्डावरचा ड खोडला. ज्यांनी ड शेवटी लावला होता त्यांचे चेहरे खुलले, कारण त्यांचे मार्क वाढले. त्यातला एक तर एफीपाशी येऊन सांगून गेला, “मला आधीच वाटलं होतं, याच्यात काहीतरी खोट आहे.” असल्या माणसाला काय बोलायचं? तिने वळूच्या कपाळावर थाप मारली आणि जेवण वाढायला गेली.

जेवण शेडमध्ये होतं, भाजलेलं मांस, पावात घालून. रांगेत पहिले अर्थातच अध्यक्ष. झालं गेलं आपण मनात ठेवत नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून ते मोठ्याने बोलत होते.

“वा! एफीबाई, काय मांस आहे हो! तोंडात विरघळतंय. अशी चव हल्ली मिळत नाही. कोणाकडचं?”

“घरचंच.” एफी मान वर न करता पाव चिरत होती. “ड चा सख्खा भाऊ. त्यालाही तुम्हीच नाकारलंत, गेल्या वर्षी. तोच डाग, त्याच जागी. कातडं उतरवलं की काही दिसत नाही, साहेब.”

अध्यक्षांचा जबडा क्षणभर थांबला. बाहेर ड पेंढ्यात बसून रवंथ करत होता.

मग अध्यक्षांनी घास गिळला आणि अर्धा खाल्लेला पाव तिच्यापुढे धरला.

“यावर जरा मोहरीचा सॉस मिळेल का?”