सूपभर ज्वारी

"आम्हले पोरंसोरं नको," असं ठरवूनच जसोदाबाईने संसार मांडला. दरसाल नवऱ्याशेजारी छकड्यात बसून ती सारंगखेड्याच्या यात्रेला निघाली, की शेजारच्या शांतीबाईच्या पोटात दुखायचं. तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती.

महाराष्ट्र झाला त्या साली तिला चौथं झालं. ते तरी जगावं म्हणून रिवाजाप्रमाणे तिने ते उकिरड्यावर ठेवलं आणि जसोदाबाईने उचललं. आता सूपभर ज्वारी देऊन परत विकत घ्यायचं, एवढंच उरलं.

"इतलीच? आखो एक सूप लई ये," जसोदाबाई म्हणाली.

'सगळं असून हावरट ती हावरटच,' असं पुटपुटत शांतीबाई दुसरं सूप घेऊन आली.

पहिली ज्वारी कोंबड्या टिपत होत्या. बाळाला पदराखाली घट्ट धरून जसोदाबाई मान वर न करता म्हणाली, "आखो एक."