पुढचा ओंडका

देवयानी मॅडमचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्या कॉलेजच्या अंगणात भिंतीला खुर्ची टेकवून बसल्या होत्या. समोर सहा ओंडक्यांवर दोन टनांची शिळा होती. जुने कारागीर अशी शिळा कशी सरकवायचे, हे त्यांचे विद्यार्थी करून पाहत होते. मागे सुटलेला ओंडका उचलून पुढे ठेवायचा. शिळा वळवायची असेल तर तो तिरका ठेवायचा. ओंडक्यांवर खडूने नंबर घातले होते.

सगळे पोहे खायला गेले, तेव्हा पुढे चार नंबर होता.

मॅडमनी मोबाइलमधून मान वर केली. पुढे पाच होता.

त्यांनी फोन लावला. "विक्रांत, शिळेला कोणी हात लावला रे?"

"नाही मॅडम, आम्ही तर सगळे इधर गेटवरच आहोत. तुमच्या पोह्यांवर जीरावन मसाला टाकू ना?"

पुढे सहा होता. शिळा प्लास्टरपासून हातभर अंतरावर आली होती.

"ते राहू दे. तू आधी इकडे ये."

चांगल्या पायाने जमीन रेटत त्यांनी खुर्ची कशीबशी बाजूला सरकवली, शिळेच्या वाटेतून पूर्ण बाहेर. मग वळून पाहिलं.

पुढे एक नंबर होता. तिरका ठेवलेला.