एका रक्ताची

“जमतं,” काचेच्या पट्टीवरचे थेंब खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर वामनराव म्हणाले. “बायकोचं रक्त चालेल. आईचं नाही.”

मैनाबाईने लगेच चोळीची बाही वर सरकवली. पलीकडच्या खाटेवर तिचा नवरा जागेश्वर पांढराफटक पडला होता. सक्करदऱ्याच्या उतारावर सुताच्या गाठोड्यांनी भरलेली बैलबंडी त्याच्या मांडीवर उलटली होती. जखम शिवून झाली होती, पण वाहून गेलेलं रक्त भरल्याशिवाय तो वाचणार नव्हता.

सासू जनाबाई आडवी आली. “थांब वं. तुहं रक्त त्याच्या आंगात गेलं का तुमी एका रक्ताचे झाले. बहीणभाऊ. मंग संसार कोनासंगं करशीन?”

डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. पण एका कुळात सोयरीक होत नाही, हे म्हातारीला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

सासूचं म्हणणं मैनाबाईलाही खरंच वाटत होतं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मेल्या नवऱ्यापरीस जित्ता भाऊ बरा.” आणि दवाखान्यातल्या, इंग्रजी अमदानीतल्या गोऱ्या सर्जनच्या वेळच्या गार लोखंडी टेबलावर जाऊन आडवी झाली.

“मूठ उघडझाक करत राहा,” डॉक्टर म्हणाले. जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरलेला हात, तो कशाला थकतो! बाटली भरली. मग तीच बाटली जागेश्वरच्या उशाशी उलटी टांगली गेली आणि रबरी नळीतून रक्त त्याच्या दंडात उतरू लागलं.

बाटली अर्ध्यावर आली तेव्हा डॉक्टरांनी नाडी पाहिली. त्यांचा चेहरा सैलावला. “आता हाक मारा त्याला.”

“अवो,” मैनाबाई म्हणाली. तो हलला नाही. “अवो, आयकून राहिले का?”

पंधरा वर्षांच्या संसारात उखाण्याशिवाय त्याचं नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. तिने एकदा सासूकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “जागेश्वर!”

त्याचे डोळे उघडले. आधी छत दिसलं, मग बायको. “नाव काहून घेऊन राहिली वं?”

“मोठी बहीण नावानंच बोलावते.”

त्याने गोंधळून आईकडे पाहिलं. जनाबाईने पदराने डोळे पुसले.

“घेऊ दे गा,” ती म्हणाली. “घरी जाईस्तोवरच बहीण हाय ते.”