पाच तासांची फट

"सर, सात दिवस कशाला मागितलेत?"

रांग सांभाळणाऱ्या मॅडमनी स्क्रीन सरांकडे वळवला. संस्थेच्या चाळीस संगणकांवर कुणाचं काम कधी लागणार, ते त्यावर दिसायचं. निवृत्त सरांचं काम अठ्ठाविसावं होतं.

"मध्येच वेळ संपला तर सगळं वाया जातं ना. म्हणून आपलं हाताशी जास्त."

मागच्या खुर्चीतून सरांच्या पत्नी, काकू, खरखरत हसल्या. गळ्याला मऊ रुमाल गुंडाळलेला. "दोन दिवस लेकीकडे जायचं तरी हे सहा स्वेटर घेतात."

उद्या सकाळी आठला काकूंच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहणार नव्हता. घरातल्या जुन्या कॅसेटी गोळा करून सर संगणकाला तो आवाज शिकवत होते. पुढे काकू टाइप करणार, संगणक त्यांच्या आवाजात बोलणार. पण तो नीट उतरलाय का, हे काकूंनीच ऐकून सांगायचं होतं. आणि काही राहिलं असेल तर ते भरून द्यायला गळा आजच्यापुरताच होता.

"वर नाही सरकवता येत हो," मॅडम हळूच म्हणाल्या. "महिनाभर हेच काम पुन्हापुन्हा लावून तुमच्या वाट्याचा वेळ तुम्ही कधीच संपवलाय. वरच्यांना अजून काहीच मिळालेलं नाही."

"छे छे, कुणाला मागं ढकलू नका," सर म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

मॅडमनी त्यांच्या जुन्या नोंदी उघडल्या. एकदा चार तास. एकदा चार तास दहा मिनिटं. परत चार.

"सर, तुमचं काम साडेचारच्या पुढं कधी गेलेलंच नाही! हे बघा, हवामानवाल्यांचं मोठं काम सातला लागणार. त्यांना वीस मशीन एकदम हवीत, म्हणून काही राखून ठेवलीत. ती आत्ता नुसती बसून आहेत. दोन वाजलेत. पाच तासांत उरकणारं काम त्या फटीत बसतं. वरच्या कुणाचंच इतकं लहान नाही."

"आणि नाही उरकलं तर?"

"सातला बंद. झालेलं सगळं गेलं."

सरांनी सात दिवस खोडले. सहा तास लिहिले. काकू उठून आल्या, सरांचं बोट धरलं आणि पाचच्या आकड्यावर दाबलं.

"मी काही एवढी अवघड नाही."

सहा वाजून दहा मिनिटांनी काम संपलं. सरांनी टाइप केलं: अहो, ऐकलंत का?

काकूंनी हेडफोन लावून ते एकदा ऐकलं. डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मग कपाळाला आठी पडली.

"आवाज माझाच आहे. पण बाई कुणी दुसरीच. किती गोड बोलते!"

"सगळ्या कॅसेटी वाढदिवसाच्या," सर ओशाळले. "नाहीतर पाहुण्यांसमोरच्या. रोजचं कोण कशाला टेप करतं?"

"पुन्हा शिकवायचं तर आता आठवडाभर तरी नंबर लागायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

"लागेल तेव्हा लागू दे. घाई फक्त मलाच आहे." काकूंनी माइक जवळ ओढला. "चालू केलंत?"

सरांनी मान हलवली.

"अहो! ओला टॉवेल परत पलंगावर? किती वेळा सांगायचं? आणि ते मोजे! एक इथे, एक तिथे, दोघांचं भांडण झाल्यासारखे. माझं बोलणं या कानातून त्या कानात..."

आवाज फाटला. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. सर मान खाली घालून ऐकत होते. काकू दम घ्यायला थांबल्या की ते बोटानं खुणावत होते, अजून.