दारातले जोडे

सबिराआपाच्या घरी दर रविवारी प्रार्थनासभा भरायची, तेव्हा समोरच्या चहाच्या दुकानात पाळतीवर असलेला तालाय नावाचा सरकारी माणूस दारातले जोडे न्याहाळत बसायचा. बर्फ वितळलं तसा तो दिसेनासा झाला. "येशूने ऐकलं आपलं," म्हणत मंडळी निर्धास्त झाली आणि प्रार्थना लवकर आटोपून पुलावावर ताव मारू लागली. आपाच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

बाजारात तिने त्याला गाठलंच. "काय रे तालाय, आता कुठला नवा डाव टाकलायस?"

"डाव कसला, आपा," खरबूज थापटून बघत तो म्हणाला. "साहेबच म्हणाले, सोड त्यांना. दोन वर्षांत त्या दारात एकाही नव्या माणसाने जोडे काढलेले नाहीत."