एका दिव्याचं घर

"चकती हलतच नाही," वीज कंपनीचा तपासनीस म्हणाला आणि त्यानं दाराशेजारच्या मीटरच्या काचेवर टकटक केलं. "दोन माणसं राहतात आणि बिल एवढंसं? तीन महिने बघतोय आम्ही. काकू, स्पष्टच विचारतो. तार बाहेरून कुठून ओढलीय?"

खिडकीशी शिवत बसलेल्या बाईची सुई थांबली. पलीकडच्या खुर्चीत तिच्या नवऱ्याचे कान लाल झाले. छत्तीस वर्षं त्यानं कारखान्याचा बॉयलर सांभाळला होता. निवृत्त झाला त्या संध्याकाळी खिशात चुकून राहिलेला एक बोल्ट परत द्यायला तो फाटकातून मागे फिरला होता.

"म्हणजे चोरी म्हणता?" तो खुर्चीतून उठत म्हणाला.

"मी नाही, आकडे म्हणतात." तपासनीसानं बॅगेतून पक्कड काढून स्टुलावर ठेवली. "घरातलं सगळं चालू करा. दिवे, पंखा, शेगडी. चकती फिरली तर ठीक. नाहीतर आज वीज तोडून जावं लागेल."

बॉयलरवाला लगबगीनं बटणाकडे निघाला. बाईनं मागून त्याचा सदरा धरला.

"थांबा हो. बाहेर अजून ऊन आहे. कुणाच्या संशयापायी दिवा जाळायची आपल्यात रीत नाही."

"काकू, नकार दिलात तर मला तसं लिहावं लागेल."

"नकार कुठे देतेय? तार शोधायला आलात ना? चला, मीच दाखवते. घरभर ओढलीय."

स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, तरी ओट्यावर उन्हाचा चौकोन पडला होता. तपासनीसानं वळून पाहिलं. बाहेरच्या खोलीच्या खिडकीत एक जुना आरसा तिरका टांगला होता आणि त्यातलं ऊन मधलं दार ओलांडून आत आलं होतं.

"ही पहिली तार. ऊन सरकतं तसा आरसा सरकवायचा. चार खिळे ठोकलेत, प्रहराला एक."

ओट्याखाली लाकडी पेटी होती, आत जुन्या गोधड्या कोंबलेल्या. "हात घाला," बाई म्हणाली. त्यानं घातला आणि पटकन मागे घेतला. आत पातेलं होतं, चांगलंच गरम.

"एक उकळी आली की शेगडी बंद. पुढचा भात पेटीत शिजतो, आपला आपण."

आता बॉयलरवाल्याला कंठ फुटला. "वाफ पळू द्यायची नाही, एवढंच. आग काय, कुणीही लावतो साहेब. ती धरून ठेवायची, त्याला कसब लागतं."

आतल्या खोलीत बाईनं गादीचा कोपरा उचलला. खाली दोन सदरे आणि एक पँट, धारेवर धार.

"ही इस्त्री. दोघांच्या वजनाची. रात्रभर चालते, पण बिल येत नाही."

तपासनीस हसला, आणि हसल्यावर त्यालाच चुकल्यासारखं झालं. दोन खुर्च्यांच्या मधोमध एक दिवा होता. त्यानं त्याच्याकडे बोट केलं.

"हा लागतो की रोज, संध्याकाळी. हे शेजाऱ्यांचा कालचा पेपर वाचून दाखवतात, मी शिवते. बातमी शिळी झाली म्हणून खोटी होत नाही. वीज पळीभर, उजेड घरभर."

"मुलं पैसे पाठवत नाहीत?"

"लेक पाठवतो म्हणतो. आम्ही म्हणतो, पैसे राहू दे, तू ये. पेन्शन चिमणीएवढी आहे, पण घरटंही चिमणीचंच. तीस तारखेला डब्यात चार पैसे उरतात आमच्या."

"म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरता."

"छे! पाय मोजून अंथरूण शिवलंय आम्ही."

आरशातलं ऊन एव्हाना ओट्यावरून भिंतीवर चढलं, छताशी गेलं आणि विझलं. तपासनीस उरल्यासुरल्या उजेडात दाराशी उभा राहून कागद भरत होता. 'कमी वापराचं कारण' या ओळीपाशी त्याचं पेन अडलं. त्यानं पेटीकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, मग दोघांकडे. बॉयलरवाला टाचा उंचावून वाचायला बघू लागला, तशी बाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

तपासनीसानं दोन शब्द लिहिले, खाली सही केली आणि स्टुलावरची पक्कड परत बॅगेत टाकली.

"चाचणी राहिली तुमची," बॉयलरवाला म्हणाला.

"राहू द्या काका. दिवे नका लावू." त्यानं वाकून, मघा न केलेला नमस्कार केला. "येतो काकू."

बाहेर जिन्यात मिट्ट काळोख होता. त्यानं चाचपडत कठडा धरला.

मागे खट् झालं. मग पुन्हा खट्, आणि पुन्हा. खुर्च्यांमधला दिवा लागला, स्वयंपाकघरातला लागला, आतल्या खोलीतला लागला, आणि लेक येऊन गेल्यापासून न लागलेला दारावरचा मोठा दिवासुद्धा.

"अगं, अगं!" बॉयलरवाला म्हणाला.

"अगं काय? घरचा पाहुणा निघालाय. त्याला काय अंधारात घालवू?"

जिना तळापर्यंत उजळला. तपासनीस दोन पायऱ्या उतरून थांबला आणि त्यानं वळून पाहिलं. दाराशेजारी मीटरची चकती भिंगरीसारखी गरगरत होती. बाईनं तिच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ती कठड्याशी उभी होती, पदर खांद्यावर नीट घेऊन, पाठीमागे सगळं घर लखलखत.

"सावकाश उतरा हं," ती म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."