माझ्या घड्याळात चाळीस मिनिटं
सांघिक बुद्धिबळ स्पर्धेत शेवटचा डाव माझा आणि सिलतऱ्याच्या संघातल्या निधीचाच उरला होता. तो बरोबरीत सुटला तरी रायपूर राजधानी झाल्यानंतरची पहिली ढाल आमच्या चौबे कॉलनीत येणार होती. पण मी हरत होते. निधी दोन चालींत मात देणार होती. चाल माझी होती. माझ्या घड्याळात चाळीस मिनिटं, तिच्या घड्याळात दोन. व्हरांड्यात सासूपाशी ठेवलेलं तिचं अंगावर पिणारं बाळ रडायला लागलं. ती उठली की मी चाल करणार आणि तिचा वेळ संपणार, हे तिला कळत होतं. मी हाताची घडी घातली. पंचविसाव्या मिनिटाला तिनं छातीवरचा पदर दुहेरी केला. "दीदी, बरोबरी?" मी हात मिळवला. ती धावली. "काहून थांबून राहिली होती वं?" आमच्या कॅप्टननं मला विचारलं. "दोन लेकरं पाजलीत मी. तिला पान्हा फुटायची वाट पाहिली."